दूरदर्शनवरची तलवार आणि तीस सेंटिमीटरची पट्टी

१९९५ सालच्या जानेवारीतली गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. नाटुकलं मुलांनीच बसवलेलं. राजकुमार, राजकन्या, दुष्ट मंत्री आणि शेवटी तलवारबाजी. मंत्र्याचं काम करणारा मुलगा दर दोन वाक्यांनंतर भुवया उडवून 'यक्कू' म्हणायचा आणि सगळी शाळा हसायची. तलवारी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा दुमडून केलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी राजकुमाराची तलवार मंत्र्याच्या भुवईवर बसली. तीन टाके पडले. डोळा बोटभर अंतराने वाचला. मग तलवारी जप्त झाल्या, तलवारबाजी नाटकातून वगळली गेली आणि मुलांना रागावणं झालं. रागावणाऱ्यांत आम्हीही होतो.

रागावून झाल्यावर राजकुमार हळूच म्हणाला, "पण सर, टीव्हीत तर कुणालाच लागत नाही."

"ते खोटं असतं," एवढंच आम्ही म्हणालो. उत्तर चूक नव्हतं, पण त्यातून मुलाला काही कळलं असेल असं वाटत नाही. खोटं म्हणजे त्यातलं नेमकं काय खोटं? तलवार, वेग, अंतर की आवाज? पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही काही शिक्षकांनी हा प्रश्न मुलांबरोबर पुन्हा सोडवायला घेतला. लागणारं साहित्य साधं होतं : पट्टी, जुनी वर्तमानपत्रं आणि एक मोबाइल फोन.

तरुण शिक्षकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' ही हिंदी मालिका सुरू झाली आणि १९९६ पर्यंत चालली. नीरजा गुलेरी तिच्या निर्मात्या, सुनील अग्निहोत्री दिग्दर्शक. रविवारी सकाळी ज्यांच्या घरी संच असेल त्यांच्या ओट्यापर्यंत माणसं बसलेली असत. भुवया उडवणारा क्रूरसिंह अखिलेंद्र मिश्र यांनी केला होता. मालिकेचा आधार होती देवकीनंदन खत्री यांची १८८८ सालची कादंबरी. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांची ती कथा : वेषांतर करणारे ऐयार, गुप्त दारं, भुयारं आणि 'तिलिस्म' यांनी भरलेली. मालिकेने मूळ कथेत पुष्कळ फेरफार केले.

गंमत अशी, की कादंबरीतल्या ऐयारांचं खरं हत्यार तलवार नव्हेच. बेशुद्ध करणारी भुकटी, शुद्धीवर आणणारा लखलखा, दोरीचा कमंद आणि झोळीतलं वेषांतराचं सामान यांवर त्यांचं काम चालतं. पण पडद्यावर माणूस भुकटी हुंगून पडला की प्रसंग संपतो. तलवारी मात्र पाच मिनिटं चालवता येतात. त्यामुळे रविवारी तलवारी अधिक चालल्या असाव्यात, असा आमचा तर्क.

आता पट्टी घेऊ या. एका मुलाने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची. दुसऱ्याने शून्याच्या खुणेशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची, पट्टीला न टेकवता. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा ती चिमटीत पकडतो. पट्टी किती सेंटिमीटरवर पकडली ते वाचायचं. पडलेलं अंतर म्हणजे अर्धा गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग, हे आपल्याला माहीत आहे. त्यावरून १० सेंटिमीटर म्हणजे ०.१४ सेकंद, १५ म्हणजे ०.१७, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३ आणि पूर्ण ३० म्हणजे ०.२५ सेकंद. बहुतेक मुलं १५ ते २५ च्या दरम्यान पकडतात. एखादा १० च्या आत पकडतो; त्याला पुन्हा करायला सांगा, बहुधा त्याने अंदाजाने आधीच चिमूट मिटलेली असते.

डोळ्याने पाहिलं, मेंदूने ओळखलं, बोटांना निरोप गेला, स्नायू आकसले, या सगळ्याला हा साधारण पाचवा हिस्सा सेकंद लागतो. तोही काय करायचं हे आधीच ठरलेलं असताना. आता प्रयोग थोडा अवघड करा. दोन मुलांनी दोन पट्ट्या धरायच्या, तिसऱ्याने दोन्ही हात तयार ठेवायचे. दोहोंपैकी कोणती सुटेल ते ठाऊक नाही आणि जी सुटेल तीच पकडायची, दुसऱ्या हाताची चिमूट मिटता कामा नये. आता पट्ट्या हातातून निसटून खाली पडू लागतात. पर्याय वाढला की वेळ वाढतो. तलवारीच्या वाराला पर्याय दोनच नसतात. डोकं, खांदा, कंबर, गुडघा, आणि त्यातही डावं-उजवं.

मग वाराला किती वेळ लागतो? हे मोजायला फोन उपयोगी पडला. हल्लीच्या अनेक फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेण्याची सोय असते. मोकळ्या मैदानात, आसपास कुणी नसताना, एका मुलाने वर्तमानपत्राची गच्च सुरळी डोक्यावरून समोर आडवी येईपर्यंत जोरात फिरवली. हे पाव वर्तुळ झालं. नंतर चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत आम्ही चित्रं मोजली. साधारण पन्नास भरली. म्हणजे वेळ सुमारे ०.२ सेकंद. खरी तलवार सुरळीइतकी हलकी नसते हे खरं. पण सरावाचा, ताकदीचा माणूस तिलाही याच्या जवळपास वेळात फिरवू शकेल असं धरू.

खांद्यापासून पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर १.४ मीटर धरलं, तर पाव वर्तुळाची लांबी २.२ मीटर येते. ०.२ सेकंदात २.२ मीटर, म्हणजे टोकाचा सरासरी वेग सेकंदाला ११ मीटर. सुरुवात शून्य वेगापासून होते, त्यामुळे शेवटी शेवटी तो याहून बराच अधिक असतो. वेग सारखा वाढत गेला असं मानलं तर २२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७९ किलोमीटर. गावातून मोटारसायकल या वेगाने गेली तर लोक शिव्या देतील.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. वार पोचायला ०.२ सेकंद. वार पाहून, ओळखून हात हलवायला सुरुवात व्हायलाच ०.२ किंवा अधिक. म्हणजे समोरून येणारं पातं पाहून ते अडवणं जवळजवळ अशक्य! खरा लढवय्या पातं पाहत नाही. तो समोरच्याचा खांदा, पाऊल, अंगाचा झोक पाहतो, म्हणजे वार सुरू होण्याआधीच तो ओळखतो. शिवाय हाताच्या अंतरात तो उगाच उभाच राहत नाही. पडद्यावर मात्र दोघे नट हातभर अंतरावर उभे राहून एकमेकांचे वीस-वीस वार बिनचूक अडवतात. ते जमतं, कारण तिथे ओळखायचं काहीच नसतं. पहिला वार डोक्यावर, दुसरा डाव्या कुशीवर, तिसरा पायांवर आणि उडी, हे आकड्यांवर बसवलेलं असतं, लेझीमसारखं. दोघांनाही पुढचा वार पाठ असतो. वार धरायचा तोही अंगावर नव्हे, अंगाशेजारच्या मोकळ्या जागेवर. अडवणारा तिथे तलवार नेतो आणि आपल्याला वाटतं, थोडक्यात वाचला.

आमच्या राजकुमाराला आणि मंत्र्याला वार पाठ नव्हते. त्यांनी पडद्यावर जे दिसलं ते केलं, म्हणजे एकमेकांना मारलं आणि एकमेकांचं पाहून अडवायला गेले.

वेगाची आणखी एक अडचण आहे, ती पडद्याची. आपल्याकडे त्या काळी दूरचित्रवाणीवर सेकंदाला २५ चित्रं दाखवली जात. चित्रपटात २४ असतात. ०.२ सेकंदाच्या वाराला म्हणजे अवघी पाच चित्रं मिळणार. सेकंदाला ११ मीटर वेग असलेलं टोक एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ४४ सेंटिमीटर सरकलेलं असेल. तलवार पाच जागी पुसट फराटा होऊन दिसेल आणि प्रेक्षक विचारेल, काय झालं? म्हणून नट वार मुद्दाम सावकाश करतात. अर्ध्या सेकंदाचा वार केला की बारा-तेरा चित्रं मिळतात, डोळ्याला वाट सापडते, समोरच्यालाही सवड मिळते. म्हणजे सावकाशी ही केवळ काळजी नव्हे, ती दिसण्यासाठीही लागते. खरा वेगवान वार पडद्यावर खोटा वाटला असता! जुन्या मालिकांचे भाग किंवा हल्लीच्या परदेशी मालिका, उदाहरणार्थ जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरची २०११ ते २०१९ मधली 'गेम ऑफ थ्रोन्स', फोनवर थांबवत थांबवत पाहिल्या तर वरच्या वर्गातल्या मुलांना हे मोजता येईल. (ही परदेशी मालिका मोठ्यांसाठीची आहे, प्रसंग आधी आपण निवडावा.)

तिसरी गोष्ट अंतराची. एक डोळा मिटून, हात लांब धरून, दोन्ही तर्जन्यांची टोकं समोरासमोर भिडवायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा बहुधा चुकतात. खोली समजायला दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतला फरक फार उपयोगी पडतो आणि कॅमेऱ्याला डोळा एकच. वर्तमानपत्राच्या सुरळ्या देऊन दोन मुलांना दोन हात अंतरावर उभं करा. एकाने दुसऱ्याच्या खांद्याच्या दिशेने, पण हातभर अलीकडेच थांबेल असा वार करायचा. बाजूला बसलेल्या मुलांना मधली फट स्पष्ट दिसते. आता तेच मारणाऱ्याच्या पाठीमागून, फोनच्या पडद्यावर पाहा. सुरळी खांद्यावर बसलेली दिसते. वर्ग दोन गटांत विभागला जातो, 'लागली' आणि 'लागली नाही', आणि दोन्ही गट शपथेवर सांगतात. या तासाला आवरायला वेळ लागतो हे आधीच सांगून ठेवतो.

आवाजाचं पाहू. म्यानातून तलवार निघताना पडद्यावर जो लांबलचक 'श्शिंग' ऐकू येतो, तो म्यान पाहिलं की संशयास्पद वाटू लागतो. आपल्याकडची म्यानं बहुधा लाकडाची, वरून कातडं किंवा मखमल चढवलेली. लाकडावरून पातं सरकलं तर घासल्याचा आवाज येईल, धातूचा नाद कुठून येणार? तो आवाज नंतर जोडलेला असतो. तलवारी एकमेकींवर आपटल्यावर घुमणारा 'खण्णण्ण' सुद्धा बहुतांशी तसाच. आमच्याकडे अनेक शाळांत घंटेऐवजी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे. (बीड शहरात आगगाडी पोचली २०२५ च्या सप्टेंबरात, रुळाचा तुकडा त्याच्या कितीतरी आधी.) टोल दिल्यावर तो तुकडा बराच वेळ घुमतो, कारण तो तारेवर मोकळा लोंबत असतो. टोल देऊन लगेच हाताने घट्ट धरा : गप्प. कंपनांची ऊर्जा हाताच्या मऊ मांसात जिरून जाते. तलवार तर मुठीत आवळलेलीच असते, शिवाय समोरचं पातं तिला टेकलेलं. आवाज होतो तो आखूड, कोरडा.

हे सगळं चाललं असताना आमच्या वर्गातला एक मुलगा बराच वेळ गप्प होता. तो हंगामी वसतिगृहात राहणारा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांत त्याचे आईवडील. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात 'एक कोयता' असंच म्हणतात. माणसांची मोजणीच हत्याराने होते. आम्ही त्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "सर, ते मधोमध मारतात. असं मारलं तर हात बधिर होतो. दिवसभर तोड कशी होईल?"

त्याच्या बोलण्यात यामिकीचा एक अख्खा धडा होता. करून पहा. मीटरभर लांबीची सरळ काठी एका टोकाला सैलसर धरा आणि टेबलाच्या कडेवर वेगवेगळ्या जागी हलकेच आपटा. अगदी टोकाजवळ आपटली तर मुठीतला भाग एका दिशेला हिसका देतो, मध्यावर आपटली तर उलट दिशेला. दोहोंच्या मध्ये एक जागा अशी सापडते, की तिथे आपटल्यावर हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही. सारख्या जाडीच्या काठीत ती हातापासून सुमारे दोन-तृतीयांश लांबीवर असते. तिला आघातकेंद्र म्हणतात. क्रिकेटच्या बॅटवर चेंडू 'बसतो' त्यालाही हे एक कारण आहे. कोयत्याचं पातं पुढे रुंद आणि वजनदार असतं, त्यामुळे ही जागा आणखी पुढे, जिथे ऊस तोडायचा तिथेच येते. दिवसाला हजारो घाव घालणाऱ्या मनगटाला हे पुस्तकाशिवाय कळतं. मालिकेतले वीर मात्र पात्यांची फुली करून एकमेकांना रेटत उभे राहतात, कारण तशा फुलीमागे दोघांचे चेहरे एका चौकटीत मावतात.

धारेवर धार आपटणंही खऱ्या तलवारीला परवडणारं नाही. धारेला दाते पडतात. आपल्याकडे वार अडवायचं काम मुख्यतः ढालीचं. तलवारीचं काम कापण्याचं. तिचं पातं वाकडं का, हे विळीवर टोमॅटो चिरताना समजतं. टोमॅटो धारेवर नुसता दाबला तर फुटतो, सरकवला तर अलगद चिरला जातो. वाकडं पातं वार करतानाच सरकत जातं. घोडेस्वाराला याचा मोठा फायदा, कारण सरकवायला घोड्याचा वेग मिळतो. याच जिल्ह्यात गोदावरीकाठी राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजांत लढाई झाली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तीत मारला गेला. तशा रणात घोड्यावरच्या माणसाला वीस वारांची जुगलबंदी करायला थांबणं शक्य नव्हतं. आणि त्या तलवारी दहा-दहा किलोंच्या नव्हत्या, सहलीत वाटाडे काहीही सांगोत. लढाईतली तलवार किलोभराच्या आसपासची असते. चित्रीकरणासाठी बरेचदा अॅल्युमिनिअमची वापरतात; पोलादाच्या तुलनेत तिची घनता सुमारे एक-तृतीयांश, त्यामुळे त्याच आकाराची तलवार तेवढीच हलकी आणि हवी तिथे थांबवता येते.

ठिणग्यांचं थोडक्यात. पोलादावर पोलाद घासून निघालेले बारीक कण हवेत जळतात तेव्हा ठिणगी दिसते, धार लावणाऱ्याच्या चाकावर दिसते तशी. नाटकवाल्यांना तेवढ्याने भागत नाही. १८८५ साली लंडनच्या लायसियम नाट्यगृहात हेन्री आयर्व्हिंग यांच्या 'फाउस्ट' नाटकात तलवारींना विजेच्या तारा जोडून ठिणग्या पाडल्या होत्या. इकडे खत्रींनी 'चंद्रकांता संतति'मध्ये एक तिलिस्मी खंजीर आणला. मूठ दाबली की विजेसारखा लखलखाट, ज्याला लागेल तो बेशुद्ध, आणि बाळगणाऱ्याच्या बोटात मात्र त्याच्याच जोडीची अंगठी हवी. विजेच्या धड्याला यापेक्षा चांगली सुरुवात आम्हाला सापडलेली नाही.

आता पुन्हा भुवईकडे. मुलं फिरवतात ती काठी ३०० ग्रॅमची आणि तिचा सरासरी वेग सेकंदाला फक्त ५ मीटर धरला, तरी गतिज ऊर्जा पावणेचार ज्यूल होते. एक किलोचं माप सुमारे ३८ सेंटिमीटर उंचीवरून पडावं तेवढी. आणि ती ऊर्जा काठीच्या टोकाएवढ्या जागेवर उतरते. पत्रा असेल तर त्याहून अरुंद कडेवर. हे गणित फळ्यावर सोडवल्यावर वर्गात कुणी हसलं नाही.

मुलांनी स्वतःच नियम केले. तलवार वर्तमानपत्राचीच, टोकाला कापडाचा गोळा. दोघांमध्ये अंतर एक हात, एक सुरळी आणि वर एक वीत. वार आकड्यांवर, आधी दहा वेळा अगदी सावकाश. चेहऱ्याच्या दिशेने एकही नाही. नजर समोरच्याच्या डोळ्यांत. त्याने मान हलवल्याशिवाय पुढचा वार नाही. आवाजाला एक मुलगा पडद्यामागे लोखंडी सळई टांगून बसला. टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्के आत दोऱ्या बांधल्या की सळई सर्वांत छान घुमते, कारण मूळ कंपनात त्या दोन जागा जवळजवळ हलत नाहीत. त्यांना निष्पंद बिंदू म्हणतात. पहिल्या तालमीत सळईचा खण्ण वारानंतर पाऊण सेकंदाने आला, आणि यक्कू म्हणणाराही आपलं वाक्य विसरला.

संमेलन झालं. वसतिगृहातला तो मुलगा यंदा राजकुमार होता. त्याचे आईवडील तोडीवर असल्याने येऊ शकले नाहीत, म्हणून आम्ही पाठीमागून घेतलेलं चित्रण त्यांना फोनवर पाठवलं. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. आवाज रागावलेला होता. "अरे, इतक्या जवळ उभं राहून हत्यार कुणी चालवतं का? लागलं असतं म्हणजे?"

मुलगा आमच्याकडे पाहून हसला. मग त्याने बाजूने घेतलेलं दुसरं चित्रण पाठवून दिलं.